काल पहिला, आज बाद

८ ऑक्टोबर २०२४ ला लंडनमध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे खासदार नवा नेता निवडण्यासाठी मतं टाकत होते. जेम्स क्लेव्हर्ली यांना ३९ मतं पडली, रॉबर्ट जेनरिक यांना ३१, केमी बेडनॉक यांना ३० आणि टॉम टुगेनहाट यांना २०. टुगेनहाट बाद झाले. उरलेल्या तिघांतली दोन नावं पक्षाच्या सामान्य सदस्यांकडे जाणार होती, आणि त्यात क्लेव्हर्ली असणार हे सगळेच धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी त्याच खासदारांनी पुन्हा मतदान केलं. बेडनॉक ४२, जेनरिक ४१, क्लेव्हर्ली ३७. काल पहिले आलेले क्लेव्हर्ली आज शर्यतीबाहेर!

टुगेनहाट यांची २० मतं मोकळी झालेली असताना क्लेव्हर्लींची मतं वाढायची सोडून दोनाने घटली. मतदान गुप्त असतं, त्यामुळे कोण कुठे गेलं याची नोंद नाही. तेव्हा सर्वाधिक बोललं गेलं ते हे: आपला माणूस तर पुढे जाणारच, मग अंतिम लढतीत समोर सोपा गडी असलेला बरा, म्हणून काहींनी आपलं मत दुसरीकडे ‘उसनं’ दिलं. असं करणारे थोडे जास्त निघाले आणि आपलाच माणूस बाद झाला. विधान परिषदेच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीच्या मतांचा कोटा कसा वाटला जातो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या खेळाचं नवल वाटणार नाही.

ही खासदारांची लबाडी म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ अ‍ॅलन गिबर्ड यांनी १९७३ मध्ये आणि अर्थतज्ज्ञ मार्क सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केलं, की उमेदवार तीन किंवा जास्त असतील आणि त्यातला कुणीही जिंकू शकत असेल, तर नशिबावर काहीही न सोडणाऱ्या प्रत्येक मतदान पद्धतीत एखाद्याला खोटी पसंती देऊन फायदा उठवण्याची वेळ येऊ शकते. अपवाद एकच, सगळा निकाल एकाच माणसाच्या मर्जीवर सोपवण्याचा. तो अपवाद काही पक्षांना मनापासून मान्य असतो, पण ते असो.

खोटेपणा बाजूला ठेवला तरी घोळ राहतोच. समजा १०० सदस्य आहेत आणि अ, ब, क असे तीन उमेदवार. ४० जणांचा क्रम अ, ब, क. ३५ जणांचा क, ब, अ. उरलेल्या २५ जणांची पहिली पसंती ब. सगळे अगदी प्रामाणिक. पहिल्या पसंतीची मतं सर्वांत कमी म्हणून ब बाद. आता फक्त अ आणि ब यांची समोरासमोर लढत लावून बघा: ब ६०-४० ने जिंकतो. ब आणि क? ६५-३५. म्हणजे जो दोघांनाही हरवू शकतो, तोच आधी घरी जातो. सगळ्यांना चालणारा, पण थोड्यांचाच लाडका, असा मधला माणूस बाद फेरीच्या पद्धतीत चिरडला जातो. प्रत्येकाशी समोरासमोर जिंकणारा तो खरा विजेता, असं फ्रेंच गणिती काँदोर्से यांनी १७८५ मध्ये मांडलं होतं. गंमत म्हणजे असा विजेता दर वेळी असतोच असं नाही, हेही त्यांच्याच लक्षात आलं: अ ब ला हरवतो, ब क ला, आणि क पुन्हा अ ला!

पसंतीक्रम असला की प्रचारही बदलतो. फोनवर बसलेला कार्यकर्ता ‘मत कुणाला?’ एवढंच विचारून थांबत नाही, ‘ते नसतील तर कोण?’ हेही लिहून घेतो. का, ते ब्रिटनच्याच मजूर पक्षाच्या २०१० च्या नेतेपदाच्या निवडणुकीत दिसलं. पाच उमेदवार, त्यांत डेव्हिड आणि एड मिलिबँड हे सख्खे भाऊ. पहिल्या फेरीत थोरले डेव्हिड ३७.७८ टक्क्यांवर, धाकटे एड ३४.३३ वर. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतही थोरलेच पुढे. चौथ्या, शेवटच्या फेरीत एड ५०.६५, डेव्हिड ४९.३५. बाद झालेल्या तिघांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंत्यांनी भावाभावांतला निकाल फिरवला.

त्यात आणखी एक मेख होती. तेव्हा एकूण मताचे तीन सारखे वाटे होते: खासदार, पक्षसदस्य आणि संलग्न कामगार संघटना. खासदार अडीचशेच्या वर, मत देणारे सदस्य सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे एका खासदाराचं मत चारशेहून अधिक सदस्यांच्या मतांइतकं जड. खासदारांत आणि सदस्यांत डेव्हिड पुढे होते, एड यांना तारलं ते संघटनांच्या वाट्याने. पक्षाने पुढे हे वाटे मोडले आणि २०१५ मध्ये एक माणूस, एक मत आणलं. तीन पौंड भरून नाव नोंदवणाऱ्या समर्थकांनाही मताचा हक्क दिला. जेरेमी कॉर्बिन यांना उमेदवारीसाठी लागणाऱ्या ३५ खासदारांच्या सह्या मुदत संपता संपता कशाबशा जुळल्या होत्या. ते पहिल्याच फेरीत ५९.५ टक्क्यांनी जिंकले. पुढच्याच वर्षी त्यांना आव्हान मिळालं तेव्हा समर्थकांची फी २५ पौंड झाली आणि १२ जानेवारीनंतर आलेल्या सदस्यांना मत नाही, असं ठरलं. प्रकरण कोर्टात गेलं, अपिलात पक्षाचंच म्हणणं टिकलं. मत कसं मोजायचं यावर गणितज्ञांनी ढीगभर लिहिलंय. यादीत कोण असणार हे मात्र एखादी तारीख ठरवून टाकते.

आणि कधी यादीची गरजच पडत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात हुजूर पक्षाच्या खासदारांत ऋषी सुनक १३७ मतांनी पहिले आणि लिझ ट्रस ११३ मतांनी दुसऱ्या होत्या; सदस्यांनी ट्रस यांना ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ मतांनी निवडलं. ट्रस यांनी दीड महिन्यात राजीनामा जाहीर केला. त्यांच्या जागी नवा नेता निवडताना उमेदवारीसाठी किमान १०० खासदारांचा पाठिंबा हवा, अशी अट आली. सदस्यांसाठी ऑनलाइन मतदानाची तयारी सुरू होती. २४ ऑक्टोबरला मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना दुसऱ्या इच्छुक पेनी मॉर्डंट यांनी माघार घेतली. सुनक एकटेच उरले, आणि सदस्यांना मत द्यावंच लागलं नाही.