नंबर जातो तो डायल परत येताना

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला, आवाजात एकदम जोश. "अरे तुझ्याकडे ते काळे डबडे फोन आहेत ना, विकू नकोस हां, आत लाल पारा असतो, कोटीत जातो." त्याला कुठूनतरी जुन्या रेडिओ-टीव्हीतल्या लाल पाऱ्याचा व्हिडिओ आला होता आणि त्याने फोनपण त्यात धरून टाकला. म्हटलं मामा, माझ्याकडचे चारही फोन मी पार स्क्रू-स्क्रू सुटे केलेत, आत धूळ निघाली, झुरळांची अंडी निघाली, एकात तुटकी साडीपिन निघाली, पारा काही निघाला नाही.

लाल पारा नावाची कोटी-बिटीची वस्तू मुळात नाहीच. पाऱ्याचं लाल संयुग म्हणजे आपला हिंगूळ, तो वैद्यांना शेकडो वर्षं माहीत आहे, त्यात गूढ काही नाही. २००९ मध्ये सौदी अरेबियात अशीच अफवा उठली होती की सिंगरच्या जुन्या शिलाई मशीनमध्ये लाल पारा असतो, आणि लोकांनी भंगारातली मशीनं वाट्टेल त्या भावाने घेतली. तेव्हा कुणी भंगारवाला किंवा यूट्यूबवाला असं काही सांगायला लागला तर खिशावर हात ठेवा एवढंच.

पण मामाचं अर्धं बरोबर आहे, त्या काळ्या फोनमध्ये एक भारी वस्तू असते. सुपारीएवढी असते आणि तिला गव्हर्नर म्हणतात. जुने फोन दुरुस्त करायचा नाद लागायचा असेल तर तो तिथूनच लागतो, निदान मला तरी तिथूनच लागला.

आधी एक गैरसमज. कुणालाही विचारा, डायलच्या फोनवर नंबर कधी जातो? दहातले नऊ जण म्हणतील, आपण बोट घालून फिरवतो तेव्हा. चूक. आपण फिरवतो तेव्हा फक्त आतल्या स्प्रिंगला चावी बसते, घड्याळाला देतो तशी. बोट काढलं की डायल स्वतःहून कुर्र्र करत परत येते, तेव्हा आतला एक छोटा संपर्क उघड-मीट होतो आणि लाइनमधला करंट तितक्या वेळा तुटतो. ४ फिरवला तर चार वेळा, ० फिरवला तर दहा वेळा. एक्स्चेंज, म्हणजे फोन एकमेकांना जोडून देणारं केंद्र, हे तुटणं मोजतं, बस. एकेका तुटण्याला पल्स म्हणतात. (न्यूझीलंडमध्ये डायलवरचे आकडे उलटे होते, तिथे ९ ला एकदा तुटायचं आणि १ ला नऊ वेळा, म्हणजे आपला फोन तिथे नेला असता तर सगळे राँग नंबर.)

ज्यांच्या घरी डायलला कुलूप असायचं त्यांना हे लगेच कळेल. एकच्या भोकात ते बुटकं कुलूप बसवलं की १ सोडून काहीच फिरवता यायचं नाही आणि घरची मोठी माणसं निर्धास्त. आमच्या वरच्या मजल्यावरचा दादा मात्र रिसीव्हर उचलून ती खालची बटणं, ज्यावर रिसीव्हर ठेवतो ती, टकटक टकटक दाबायचा आणि फोन लागायचा. तेव्हा जादू वाटायची. जादू कसली, बटण दाबलं की लाइन तुटते, डायलही तेच करते, एक्स्चेंजला कोण तोडतंय याच्याशी काय घेणंदेणं. फक्त हाताने एका लयीत टकटक करणं महाकठीण, दादाचे निम्मे कॉल भलतीकडेच लागायचे.

आणि गंमत म्हणजे सुरुवात अशीच झाली होती. अमेरिकेत कॅन्सस सिटीला आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचा धंदा करणारा माणूस होता, सांगतात की ऑपरेटरबाई त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्या धंदेवाल्याकडे जोडून द्यायच्या, म्हणून वैतागून त्याने ऑपरेटरच नको असं एक्स्चेंज काढलं. पेटंट १८९१ चं, आणि १८९२ मध्ये इंडियानातल्या ला पोर्ट गावात ते सुरू झालं. आपल्याकडे पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज सिमल्याला आलं, १९१३-१४ मध्ये. तर स्ट्रोजरच्या पहिल्या फोनवर डायल नव्हतीच, बटणं होती, ७ हवा तर बटण सात वेळा मोजून दाबा. माणूस आठ वेळा दाबणार, मध्येच थांबणार, घाईत दोन एकदम दाबणार. डायल आली ती माणसाच्या हातातून हे मोजणं काढून घ्यायला.

मोजणं काढलं, पण वेगाचं काय? एक्स्चेंजमधला सिलेक्टर म्हणजे हवी ती लाइन निवडणारा एक दांडा, प्रत्येक पल्सला इलेक्ट्रोमॅग्नेट त्याला एक घर वर उचलणार, मग पुढच्या आकड्याला एकेक घर आडवा फिरवणार, दहा मजले गुणिले दहा जागा म्हणजे शंभर लाइनी. लोखंडी वस्तू हलवायची तर वेळ लागतो. म्हणून ठरलं, सेकंदाला दहा पल्स, आणि प्रत्येक पल्समध्ये साधारण दोन भाग लाइन तुटलेली, एक भाग जोडलेली. स्प्रिंग मात्र ताणलेली असते तेव्हा जोरात ओढते आणि सुटत आली की मंद, म्हणजे नुसत्या स्प्रिंगवर सोडलं तर ० चे पहिले पल्स धडाधड जातील आणि शेवटचे रडतखडत.

इथे येतो गव्हर्नर. एक बारीक दांडी, डायलच्या एका परतीत तिचे कित्येक गरके होतात, तिच्यावर दोन चिमुकली वजनं, वजनांना आत धरून ठेवणारी नाजूक स्प्रिंग आणि बाहेरून पितळी वाटी. जत्रेतल्या खुर्च्यांचा पाळणा जोरात फिरला की खुर्च्या बाहेर फेकल्या जातात तशी ही वजनं बाहेर जातात आणि वाटीला घासतात, घासली की ब्रेक. वेग कमी असला की स्प्रिंग त्यांना आत ओढून ठेवते, ब्रेक नाही.

यात काय मोठं, असं वाटेल, पण जरा आकडे घालून बघा. बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समजा सेकंदाला ९.५ पल्सच्या वेगाला वजनं वाटीला जेमतेम टेकतात, ९.५ चा वर्ग ९०.२५, एवढा जोर आतली स्प्रिंगच खाऊन टाकते. वेग १० झाला, वर्ग १००, म्हणजे वाटीवर दाबायला उरले ९.७५. वेग १०.५ झाला, वर्ग ११०.२५, उरले २०. बघितलंत? वेग फक्त ५ टक्के वाढला आणि ब्रेक दुप्पट झाला. उलटं वाचा, मुख्य स्प्रिंगचा ओढा दुप्पट झाला तरी वेग जेमतेम ५ टक्के वाढणार. ना बॅटरी, ना चिप, नुसतं वजा केलं आणि वेग जागेवर बसला. मला हे पहिल्यांदा कागदावर जमलं तेव्हा रात्री दीड वाजता मी बायकोला उठवून सांगितलं होतं, तिची प्रतिक्रिया इथे देत नाही. (ज्यांना हे सगळं डोक्यावरून गेलं त्यांनी एवढंच धरा, ब्रेक उशिरा लागतो पण लागला की कचकन लागतो.)

म्हणूनच नवशिक्याची पहिली चूक तेल. मीही केली. पहिलाच फोन, डायल अडकत होती, घरात शिलाई मशीनचं तेल होतं, सगळीकडे सोडलं. डायल अशी सुसाट सुटली की एक्स्चेंजला एक आकडा धड कळेना, कारण तेल वाटीत गेलं आणि घासायला काही उरलंच नाही. महिन्याभरात त्याच तेलात धूळ बसून चिकटा झाला आणि डायल आधीपेक्षा मंद. शेवटी वाटी आणि वजनं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुसून कोरडी केली. तेल द्यायचं ते दांडीच्या टोकांना, सुईच्या अग्रावर बसेल तेवढं, वाटीला अजिबात नाही.

वेग तपासायला महागडं काही लागत नाही. डायलच्या पल्सच्या दोन टोकांना दोन पेन्सिल सेल, एक लाल एलईडी आणि एक रेझिस्टर जोडा, मोबाइल २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेवा आणि ० फिरवा. डायल बरोबर असेल तर एका पल्सला २४ फ्रेम भरतात, १६ फ्रेम दिवा बंद, ८ फ्रेम चालू. माझ्या त्या तेलकट डायलला १७ भरत होत्या, म्हणजे सेकंदाला चौदा पल्स.

बाकीचं पटापट सांगतो. फोन घ्यायला पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार, पण चकचकीत पितळी दिसला की सावध, बरेचसे नवीन शोभेचे असतात आणि डायलच्या भोकांत चक्क बटणं बसवलेली असतात. जड, काळा, आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) बंगलोरचा साधा फोन घ्या, ती कंपनी १९४८ ची, एकेकाळी आपल्याकडे सगळीकडे तेच दिसायचे. खोकं बॅकेलाइटचं, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकचं, असेल तर पाण्यात भिजत टाकू नका, त्यात लाकडाचा भुसा मिसळलेला असतो, पाणी लागून चकाकी जाते, ओल्या फडक्याने पुसून मेटल पॉलिशने हलकं घासा. संपर्कांना पॉलिश पेपर लावू नका, व्हिजिटिंग कार्डाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून मधून ओढली तरी पुरते. समोरच्याला आवाज खोल ऐकू जात असेल तर रिसीव्हर तळहातावर दोनचार वेळा आपटा, माउथपीसमध्ये कोळशाचे कण असतात, ते दमटपणाने एकमेकांना चिकटतात. आणि लाइन जोडलेली असताना आत हात घालू नका, एरवी ४८ व्होल्टच असतात पण रिंग आली की ७५ च्या आसपास एसी येतो, त्याचा झटका मी खाल्लाय.

फायबरची लाइन असेल तर घरी बसवलेल्या तिच्या डब्याला बऱ्याचदा पल्स कळत नाहीत, म्हणजे फोन येईल, बोलता येईल, लावता मात्र येणार नाही. त्याला पल्सचा टोन, म्हणजे बटणांच्या फोनसारखा आवाज, करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये घालावा लागतो.

मामाने आता स्वतःच्या माळ्यावरचा फोन कुरिअरने पाठवलाय, पारा निघाला तर अर्धा-अर्धा या बोलीवर. एकच्या भोकात कुलूप आहे आणि किल्ली आजोबांनी कुठे ठेवली होती ते कुणालाच आठवत नाही. मी कापायची करवत काढली तर मामा म्हणतो कुलूप तोडायचं नाही, बाबांनी लावलंय. म्हणून सध्या त्याच्यावर टकटक करूनच फोन लावतोय, कालच्या पाचातले दोन लागले.