खुणेनं शिकणं आणि फळानं शिकणं

तान्ह्या बाळाला पायांवर धरून आजी तोंडानं ‘शूऽऽ’ असा आवाज काढते. सुरुवातीला बाळ आपल्या वेळेलाच शू करतं, आजी फक्त ती वेळ साधून आवाज काढत असते. काही आठवड्यांनी क्रम फिरतो. आधी आवाज येतो, मागून शू. बाळाला भाषा येत नाही, मूत्राशयावर त्याचा ताबा नाही, तरी शरीर शिकलेलं असतं.

तेच मूल तीन वर्षांचं झालं की निराळ्या रीतीनं शिकतं. चड्डी ओली केली तर गार लागतं, बाथरूमपर्यंत रोखून धरलं तर आई ‘शाब्बास’ म्हणते. इथे मुलानं काहीतरी केलं आणि त्या करण्याला फळ आलं.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत पहिल्या रीतीला अभिजात अभिसंधान म्हणतात, दुसरीला साधक अभिसंधान. नावं जड आहेत, परीक्षा संपली की विसरली जातात आणि दोन्ही एकच वाटू लागतात. मी त्यांना खुणेनं शिकणं आणि फळानं शिकणं म्हणते. बायोफीडबॅक म्हणजे शरीरात काय चाललंय ते यंत्रावर बघत ते बदलायला शिकणं. ते घ्यायला जाणाऱ्यानं तरी यांची गल्लत करू नये असं मला मनापासून वाटतं. कारण ज्या त्रासासाठी आपण तिथे जातो तो बऱ्याचदा खुणेनं शिकलेला असतो, आणि तिथे जे शिकवतात ते फळानं शिकायचं असतं.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचे कुत्रे सगळ्यांना ठाऊक असतात. मेट्रोनोमची, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राची टिकटिक, मग अन्न; पुढे नुसत्या टिकटिकीनं लाळ. आपल्याकडे हे समजायला कुत्रा लागत नाही, ‘चिंच’ एवढा शब्द पुरतो. पण या प्रयोगातली एक गोष्ट सांगायची राहून जाते. कुत्र्यानं लाळ गाळली काय किंवा न गाळली काय, अन्न मिळणारच होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी 1898 साली मांजरांवरचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत नेमकं हेच उलटं होतं. पेटीत कोंडलेल्या मांजरानं आतली दोरी किंवा कडी ओढली तरच दार उघडायचं आणि बाहेरचं खाणं मिळायचं. मांजर बसून राहिलं तर काहीच नाही. गोंधळ झाला की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: ‘मी काहीच केलं नाही तरी हे मिळणार आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं तर ती खूण, ‘नाही’ आलं तर ते फळ.

आता त्रासाकडे बघू. केमोथेरपीच्या काही फेऱ्या झालेल्या माणसाला पुढच्या वेळी हॉस्पिटलच्या दारातल्या वासानंच मळमळायला लागतं, औषध अजून शिरेत गेलेलंही नसतं. दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला की काहींचं बीपी चढतं आणि घरी मोजलं तर ठीक येतं. अशा माणसाला घरचे म्हणतात, ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत.’ हे वाक्य फार दुखावतं, आणि ते चुकीचंही आहे. शरीरानं दोन गोष्टी जोडून ठेवल्यात, आजीच्या ‘शूऽऽ’सारख्याच. त्यात कसला दुबळेपणा?

पण खुणेनं जडलेलं ‘सोड’ म्हणून सुटत नाही. इथे फळाची रीत कामाला येते. बोटाचं तापमान, स्नायूतला ताण, नाडीचे बारीक चढउतार अशा आपल्याला नीटशा न जाणवणाऱ्या गोष्टी यंत्र मोजतं आणि त्याच क्षणी आवाजात किंवा पडद्यावरच्या रेषेत दाखवतं. त्या बघत बघत माणूस त्या बदलायला शिकतो. हे दाखवणं इतकं महत्त्वाचं का? डोळे बांधून ठरावीक लांबीची रेघ ओढायला सांगितली आणि ती बरोबर आली की नाही हे कळूच दिलं नाही, तर शेकडो रेघा ओढूनही हात सुधारत नाही. हेही थॉर्नडाइक यांनीच दाखवलं. कपाळाचा स्नायू सैल करणं किंवा हाताच्या रक्तवाहिन्या रुंद करणं आपल्यासाठी तसंच आहे. आपण आयुष्यभर डोळे बांधून रेघा ओढत असतो. यंत्र डोळ्यांवरची पट्टी सोडतं. बाकी काही करत नाही.

हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं. फिजिओथेरपीच्या खोलीत पॅड लावून करंट देणारं मशीन असतं, आणि बायोफीडबॅकचे पॅडही तसेच दिसतात. पहिलं मशीन स्नायूला वीज देतं. दुसरं स्नायूतून उठणारी वीज फक्त मोजतं. ‘दहा दिवस लावून घेतलं, फरक नाही’ असं बायोफीडबॅकबद्दल कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. ते लावून घ्यायचं नसतं, करायचं असतं.

नाडी किंवा रक्तवाहिन्या अशा फळानं शिकू शकतात, हे एकेकाळी शास्त्रज्ञांनाही शक्य वाटत नव्हतं. हातपाय फळानं शिकतात. हृदय, आतडी, रक्तवाहिन्या फक्त खुणेनं, अशी वाटणीच मान्य होती, आणि फळानं शिकण्याचे मोठे अभ्यासक स्किनर यांचंही 1938 साली तेच मत होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नील मिलर यांना ते पटलं नाही. त्यांनी 1960 च्या दशकात उंदरांना क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारं औषध देऊन त्यांची हालचाल थांबवली आणि श्वास यंत्रावर ठेवला, म्हणजे उंदीर श्वास किंवा स्नायू वापरून नाडी बदलतोय अशी शंका उरू नये. नाडी हव्या दिशेनं सरकली की मेंदूतल्या सुखकेंद्राला सूक्ष्म विजेचं बक्षीस. नाडी वर शिकवली तर वर गेली, खाली शिकवली तर खाली. केवढा उत्साह पसरला! पण पुढच्या काही वर्षांत तेच प्रयोग पुन्हा केल्यावर परिणाम घटत गेले आणि शेवटी मिळेनासे झाले. मिलर यांनी ते स्वतः छापून सांगितलं. या विषयातलं मला सगळ्यात आदराचं वाटणारं पान हेच आहे.

उंदरांचा पुरावा ढासळला, माणसांचा टिकला. संशोधक बास्माजियन यांनी 1963 मध्ये दाखवलं की आवाज ऐकत आणि पडदा बघत माणूस स्नायूतला एकच चेता-घटक, म्हणजे एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले स्नायूतंतू, स्वतंत्रपणे चालवायला शिकतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या काही रुग्णांना उठवून बसवलं की बीपी कोसळून चक्कर यायची. मिलर आणि त्यांचे सहकारी ब्रकर यांच्या देखरेखीखाली त्यांतले काहीजण बीपी आपणहून वर न्यायला शिकले.

रोजच्या उपचारातलं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र बद्धकोष्ठाचं आहे, आणि लाजेपायी त्याबद्दल कुणी बोलत नाही. काही जणांचा घोटाळा असा असतो की कुंथताना गुदद्वाराचा स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळला जातो. जितका जोर, तितकं दार बंद. आपण आवळतोय हे त्यांना कळतच नाही. बायोफीडबॅकमध्ये त्या स्नायूची रेषा पडद्यावर दिसते. आधी नुसतं आवळा-सोडा करून रेषा आपल्या हुकमात आहे याची खात्री पटवतात. मग पोटानं हलका जोर देताना रेषा खाली ठेवायची. पहिल्या दिवशी ती किंचित उतरली तरी ‘जमलं’ म्हणायचं, पुढच्या वेळी थोडी जास्त उतरली तरच. असं पायरीपायरीनं माप वाढवत नेतात. शेवटी पडद्याकडे न बघता करायला लावतात, कारण घरच्या संडासात पडदा नसतो. या प्रकारच्या बद्धकोष्ठात हे शिक्षण जुलाबाच्या औषधांपेक्षा सरस ठरल्याचं चाचण्यांतून दिसलं आहे.

अर्धशिशीसाठी मी स्वतः बोट गरम करायला शिकले. पहिल्या दिवशी दात आवळून प्रयत्न केला, आणि बोटाच्या तापमानाचा आकडा खाली गेला. दमून प्रयत्न सोडला तेव्हा तो हळूच चढू लागला. कुणी शंभर वेळा ‘सैल सोडा’ म्हणालं असतं तरी मला हे कळलं नसतं.

मग शवासन? मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा चांगला परिणाम नोंदवला होता. शवासन बायोफीडबॅक नाही, त्यात मापाचा आरसा नाही. पण दोघांचं पटतं. डॉक्टर चंद्रा पटेल यांनी इंग्लंडमध्ये 1973 साली दोन्ही एकत्र वापरून बीपी उतरवलं होतं. मोबाइलवर नुसतं शांत संगीत वाजवणारं अ‍ॅप मात्र बायोफीडबॅक म्हणवून घेत असेल तर ‘मी काहीच केलं नाही तरी हे मिळणार आहे का?’ हा वरचा प्रश्न विचारावा. तुमचं शरीर काहीही करो, ते संगीत वाजणारच आहे.

दोन्ही रीती एका ठिकाणी गाठ घालतातही. बोट गरम करायला जमलं की मला प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मनात ‘सैल’ म्हणायला सांगितलं होतं. फळानं मिळवलेली गोष्ट अशी खुणेला बांधली. आता लोकलच्या गर्दीत तो शब्दच पुरतो, निदान बऱ्याच वेळा.

आणि काही ठिकाणी रेघ मारणंच अवघड आहे. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलासाठी ओल लागताच वाजणारा अलार्म असतो. तो 1938 मध्ये माउरर दांपत्यानं वर्णन केला. त्यांच्या मते भरलेलं मूत्राशय आणि जाग येणं यांची जोड बसते, म्हणजे खूण. इतर म्हणाले की मूल तो कर्कश आवाज टाळायला शिकतं, म्हणजे फळ. मला दोन्ही खरं वाटतं. मुलाला या वादाशी काही देणंघेणं नसतं. साधारणपणे सलग 14 रात्री अंथरूण कोरडं राहिलं की अलार्म काढून ठेवतात.