कालवाच्या कवचावर उमटलेला ॲमोनाइट

ज्युरासिक काळातल्या चुनखडकाचा उघडा पडलेला थर दिसला, की जीवाश्म गोळा करणाऱ्याची नजर आधी ॲमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाचा नामशेष झालेला समुद्री प्राणी, शोधू लागते. त्याचे रेखीव वेटोळे आणि त्यावरचे कंगोरे लांबूनही ओळखू येतात. शेजारची जाड, ओबडधोबड कालवे (दोन शिंपल्यांचे समुद्री प्राणी) मात्र बहुधा पायाखाली जातात. माझ्या मते हा तोट्याचा व्यवहार आहे.

दोन्ही प्राण्यांची कवचे कॅल्शियम कार्बोनेटचीच, पण कालवाचे कवच मुख्यतः त्याच्या कॅल्साइट या खनिजरूपाचे असते, तर ॲमोनाइटचे ॲरागोनाइट या दुसऱ्या रूपाचे. ॲरागोनाइट कमी टिकाऊ असल्यामुळे खडकात झिरपणाऱ्या पाण्यात ते अनेकदा विरघळून जाते. त्यामुळे आपण हौसेने घरी आणतो तो ॲमोनाइट पुष्कळदा कवच नसतोच. कवचाच्या पोकळीत शिरलेल्या गाळाचा तो दगड झालेला साचा असतो. अर्थात त्यातही लाभ आहे, कारण आतल्या कप्प्यांचे पडदे जिथे भिंतीला जोडलेले होते तिथली नागमोडी शिवणरेषा कवच गेल्यावरच दिसते आणि जात ओळखायला ती फार उपयोगी पडते. जर्मन भूवैज्ञानिक आल्बर्ट ओपेल यांनी 1856 ते 1858 या काळात ज्युरासिक खडकांची कालविभागणी केली, तीही मुख्यतः ॲमोनाइटच्या जातींवरूनच.

आता कालवाकडे वळू. ग्रिफिया हे जाड, आत वळलेले कालव ‘सैतानाचे नख’ म्हणून प्रसिद्ध आहे, पण मला अधिक मोलाची वाटतात ती चपटी कालवे. कालवाचे पिल्लू डाव्या, म्हणजे खालच्या, शिंपल्याने एखाद्या कठीण वस्तूला कायमचे चिकटते आणि तिच्या उंचसखलपणाला धरूनच वाढते. ती वस्तू ॲमोनाइट असेल, तर खालच्या शिंपल्याच्या चिकटलेल्या बाजूवर त्याच्या कंगोऱ्यांचा उलटा ठसा उमटतो, आणि खालच्या शिंपल्याला लागून वाढणाऱ्या वरच्या शिंपल्यावर तेच कंगोरे सुलटे उठून दिसतात. मूळ ॲमोनाइट पुढे पूर्ण विरघळला, तरी त्याची नक्षी अशी दुसऱ्याच प्राण्याच्या कवचावर शिल्लक राहते.

गोळा करताना कड्याखाली उभे राहू नये, परवानगीवाचून खोदू नये आणि हातोडी चालवताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. शक्यतो सुटे पडलेले तुकडेच उचलावेत आणि जागा, थर व तारीख तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहावी, कारण ठिकाण माहीत नसलेला नमुना अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी ठरतो. सोनेरी पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) बनलेले ॲमोनाइट कोरड्या डबीतच ठेवावेत. दमट हवेत पायराइटपासून गंधकाम्ल तयार होऊन नमुन्याची भुकटी होते आणि सोबतची चिठ्ठीही खराब होते. कालवांना व्हिनेगर मुळीच लावू नये, त्याने कॅल्साइट विरघळते. मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. नंतर वाळलेले कालव दिव्याच्या तिरप्या उजेडात हळूहळू फिरवावे; समोरून सपाट भासणाऱ्या शिंपल्यावर एकामागून एक कंगोऱ्यांच्या बारीक सावल्या दिसू लागतात.