ऑनलाइन पोकरची पिसणी: कॅट आधी लावायचा की पान ऐनवेळी काढायचं?

खऱ्या पैशांचा ऑनलाइन पोकर १९९८ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी पिसणीचं पितळ उघडं पडलं. आपला कारभार सचोटीचा आहे हे दाखवण्यासाठी एका कंपनीने पत्ते पिसणारा प्रोग्रामच जाहीर केला होता. सॉफ्टवेअर-सुरक्षेचं काम करणाऱ्या एका गटाने तो वाचला आणि चुका सापडत गेल्या. अदलाबदलीसाठी निवडली जाणारी जागा १ ते ५१ यांतलीच असायची, त्यामुळे बावन्नावं पान बावन्नाव्या जागी कधीच राहू शकत नव्हतं. शिवाय प्रत्येक पानाची अदलाबदल कॅटमधल्या कुठल्याही जागेशी होत होती. वरवर हे निर्दोष वाटतं, पण तीनच पानं घेऊन मोजलं तर अदलाबदलीच्या २७ (३×३×३) वाटा होतात आणि क्रम असतात ६. सत्तावीसला सहाने भाग जात नाही, म्हणून काही क्रम जास्त वेळा येतात. उरलेल्या पानांतूनच निवडायची बरोबर रीत १९३८ पासून छापील होती आणि संगणकासाठी ती १९६४ मध्ये मांडली गेली होती.

खरा घात मात्र सीडने केला, म्हणजे ज्या सुरुवातीच्या संख्येपासून प्रोग्राम पिसणीचे पुढचे सगळे आकडे काढतो तिने. बावन्न पानांचे क्रम आठावर सदुसष्ट शून्यं एवढे. ३२ बिटांच्या (शून्य-एकच्या ३२ अंकांच्या) सीडमधून त्यांतले जेमतेम ४ अब्ज २९ कोटी निघू शकतात. इथे तर सीड म्हणजे मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद होते, म्हणजे दिवसाला ८ कोटी ६४ लाख शक्यता. सर्व्हरच्या घड्याळाशी वेळ जुळवली की त्या सुमारे दोन लाखांवर येत. हातातली दोन झाकलेली पानं आणि फ्लॉपची, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी पहिल्यांदा उघडली जाणारी, तीन एवढ्यावरून साधा संगणक समोरच्यांचे हात आणि पुढची पानं सांगू शके.

त्यानंतर सॉफ्टवेअर सुधारलं. सर्किटमधला विद्युत गोंगाट आणि खेळाडूंच्या माउसच्या हालचाली एकत्र करून सीड बनू लागलं. बावन्न पानांचे सगळे क्रम निघू शकावेत यासाठी २२६ बिट लागतात. एका मोठ्या संकेतस्थळाने आपण २४९ वापरतो असं जाहीर केलं.

वाद उरला तो दुसऱ्याच निर्णयाचा, आणि माझ्या मते या इतिहासातला तोच सर्वांत महत्त्वाचा. डाव सुरू होण्याआधीच बावन्न पानांचा क्रम पक्का करायचा, की उरलेली पानं सतत पिसत राहून गरज पडेल तेव्हा पान काढायचं? पिसणी निर्दोष असेल तर गणिताच्या दृष्टीने दोन्हींत तसूभर फरक नाही. तरीही खेळाडू पहिल्या पद्धतीसाठी हट्ट धरत. टेबलावर बसून खेळताना कॅट एकदा कापला की पुढचं पान ठरलेलं असतं. सतत पिसणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र कुणी दोन सेकंद जास्त विचार केला तरी रिव्हरचं, म्हणजे टेबलावर शेवटी उघडणारं, पान बदलू शकतं. हरलेल्याला ते खुपतं, आणि ते खुपणं मला अवाजवी वाटत नाही.

सतत पिसण्याच्या बाजूचा युक्तिवादही पोकळ नव्हता. पुढचं पान अजून ठरलेलंच नसेल, तर सर्व्हरमध्ये डोकावणाऱ्या आतल्या माणसालाही ते दिसणार नाही. पण खेळाडूंना वाटून झालेली पानं तर सर्व्हरवर असतातच. २००७-०८ मध्ये उघडकीला आलेल्या प्रकरणांत नेमकं हेच झालं: पिसणी कुणी फोडली नाही, आतल्यांशी संबंधित खात्यांना इतरांची झाकलेली पानं दिसत होती. तेव्हा सतत पिसणं हे अर्धंच कुलूप ठरतं. शिवाय त्यात तपासणीचा एक सोपा मार्ग जातो. क्रम आधी ठरलेला असेल तर त्याचा हॅश (मूळ क्रम न उघडता त्यावरून गणिताने काढलेला ठसा) डावापूर्वी जाहीर करता येतो आणि मागाहून कुणालाही पडताळता येतो.

पोकरमध्ये हेही सरळ जमत नाही. फाशांच्या खेळात सगळं उघड केलं तरी बिघडत नाही; इथे अख्खा क्रम दाखवला तर टाकून दिलेले हातही उघडे पडतात आणि खेळाडूची चाल सगळ्यांना कळते. उपाय आहे: प्रत्येक पानासोबत वेगळी गुप्त संख्या जोडून बावन्न स्वतंत्र हॅश द्यायचे आणि डावात दिसलेल्या पानांपुरतेच उलगडायचे. क्रम ठरवताना खेळाडूंचंही सीड मिसळलं, तर संकेतस्थळाला सोयीचा कॅट निवडता येत नाही. पानं पाहणारा सर्व्हर मात्र तिथेच राहतो.

वाटणाराच नको, हा विचार १९७९ मध्येच मांडला गेला होता. प्रत्येक खेळाडूने कॅटला आपलं गणिती कुलूप लावून (म्हणजे फक्त आपल्याच किल्लीने उलगडेल अशा सांकेतिक रूपात पानं बदलून), पिसून पुढे द्यायचा. त्या मूळ रचनेतून पानांबद्दल थोडी माहिती झिरपते हे लवकरच दाखवलं गेलं आणि पुढे ती दुरुस्तही झाली. अडचण रोजच्या वापराची आहे: बावन्न पानांची कुलपं प्रत्येकाने लावायची-काढायची, आणि डावाच्या मध्येच एकाची जोडणी तुटली तर त्याच्या किल्लीवाचून उरलेल्यांची पानं उघडत नाहीत.