नव्या फिश टँकमधले मासे दुसऱ्या आठवड्यात का मरतात?

नव्या टाकीत सोडलेले मासे सहसा लगेच मरत नाहीत. चार-सहा दिवस ते मजेत फिरतात, खातात. मग एकेक मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. पाणी अगदी नितळ असतं, फिल्टरही चालू असतो, त्यामुळे घरात कुणालाच काही कळत नाही. दुकानात विचारलं की ठरलेला सल्ला मिळतो: सगळं पाणी काढा, वाळू आणि फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा, पुन्हा भरा. यातलं पाणी बदलणं ठीक. पण फिल्टर धुणं म्हणजे केलेल्या सगळ्या कमाईवर पाणी सोडणं, कारण माशांची घाण निस्तरणारे जिवाणू त्यातच वाढत असतात.

माशाच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात उतरतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर. हा अमोनिया किती घातक ठरेल ते पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर असतं. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल, तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो आणि बाकीचा बऱ्यापैकी निरुपद्रवी अमोनियम. पीएच 8 झाला की विषारी हिस्सा पाच टक्क्यांच्या वर जातो. शेजारच्या घरी तेवढ्याच टाकीत तेवढेच मासे जगले आणि आपल्या बोअरच्या जड, जास्त पीएचच्या पाण्यात गेले, याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

या अमोनियाचं पुढे काय होतं, याचा उलगडा 1877 साली पॅरिसमध्ये झाला, तोही मैल्याच्या पाण्यावर. श्लोसिंग आणि म्युंझ या दोघा संशोधकांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून गटाराचं पाणी हळूहळू झिरपू दिलं. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही, जेवढा अमोनिया वरून गेला तेवढाच खालून आला. मग खाली नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचंच दुसरं रूप, दिसू लागलं आणि काही काळाने अमोनिया पूर्ण नाहीसा झाला. नळीत सजीवांना बधिर करणाऱ्या क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर हे काम थांबलं. नंतर थोड्या मातीचं गढूळ पाणी ओतलं, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे काम वाळूचं नव्हतं, वाळूवर वाढलेल्या कुणा सजीवाचं होतं. घरच्या टाकीतल्या वाळूवर आणि फिल्टरमध्येही हेच घडतं, ते वीस दिवससुद्धा चुकत नाहीत.

हे जिवाणू 1890च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी वेगळे काढले. अमोनियाचं नायट्राइट करणारे एक, नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे. दोघेही कमालीचे संथ. अनुकूल परिस्थितीत आतड्यातला ई. कोलाय जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना त्यासाठी निदान अर्धा-एक दिवस लागतो. शिवाय दुसऱ्या गटाचं अन्न पहिला गट तयार करतो, म्हणून तो मागून येतो. मधल्या काळात नायट्राइट साठतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. टाकीत थोडं खडेमीठ टाकायची जुनी पद्धत अनेकांना अंधश्रद्धा वाटते, पण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरायला अडवतं. पद्धत बरोबर आहे.

या दुसऱ्या गटाचं नाव पुस्तकांत वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टर असंच छापलं जात होतं. 1998मध्ये संशोधक होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा तिथे हे काम नायट्रोस्पायरा हे वेगळेच जिवाणू करत असल्याचं दिसलं. 2015मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले. त्यातला एक शोध नेदरलँड्समधल्या गटाचा होता आणि त्यांचा नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून घेतलेला होता. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या बाटल्यांवर म्हणूनच माझा फारसा भरवसा नाही. आत कोण आहे आणि ते जिवंत आहे का, हे दोन्ही प्रश्न उरतातच.

त्यापेक्षा ओळखीच्या माणसाच्या निरोगी, जुन्या टाकीतला फिल्टरचा मळकट स्पंज मागून आणावा. हे विरजण लागलं तर चार-सहा आठवड्यांचं काम बरंच लवकर उरकतं. स्पंज ओलाच आणायचा आणि क्लोरीनच्या नळाखाली धरायचा नाही. कॉर्पोरेशनचं पाणी वापरणार असाल तर आधी त्यातला क्लोरीन हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, काढून टाकावा.

विरजण नसेल तर मासे न सोडताच टाकी सायकल करावी, म्हणजे तिच्यात हे जिवाणू आधीच वाढवून घ्यावेत. जिवाणूंना अन्न म्हणून अमोनियम क्लोराइड द्यायचं. कल्हईवाले वापरतात तो नवसागर हाच, पण बाजारातला भेसळीचा असू शकतो, तेव्हा शुद्ध प्रतीचं घ्यावं. 100 लिटर पाण्याला अर्धा-पाऊण ग्रॅम पुरतं. मग टेस्ट किट काढायचं. बहुतेक द्रव किटमध्ये अमोनियाची पिवळी नळी हिरवी होते. काही दिवसांनी हिरवा फिका पडू लागतो आणि त्याच सुमारास नायट्राइटची नळी जांभळट होते. हा जांभळा रंग आठवडा-दोन आठवडे हटत नाही, इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. शेवटी तोही उतरतो. एवढाच डोस पुन्हा दिला आणि 24 तासांत दोन्ही नळ्या शून्यावर आल्या, की मासे आणायला हरकत नाही.

मात्र या जिवाणूंना ऑक्सिजन भरपूर लागतो, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे दिवे गेले की बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर सर्वांत आधी अडचणीत येतो. लोडशेडिंगच्या भागात साधा स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप बरा. कॅनिस्टर बरेच तास बंद राहिला असेल तर आतलं कुबट पाणी ओतून टाकल्याशिवाय तो सुरू करू नका.

शेवटी उरतं नायट्रेट. ते बरंच सौम्य असतं आणि नेहमीच्या पाणीबदलात निघून जातं. मनी प्लांटची फांदी टाकीच्या कडेला अडकवून मुळं पाण्यात सोडली तर तीही बरंच शोषून घेते. पानं मात्र पाण्याबाहेरच ठेवा, बुडून सडली तर पुन्हा अमोनियाच वाढेल.