लवकर येणारा आलू आणि विदर्भाचा आखूड हिवाळा

ऑक्टोबरात सोयाबीन निघाले की विदर्भातल्या ओलिताच्या वावरात हरभरा किंवा गहू पेरला जातो. आलूचा विचार फार थोडे शेतकरी करतात, आणि लग्नाच्या पंगतीतली आलू-वांग्याची भाजी बहुतांशी बाहेरून आलेल्या मालावरच होते. याचे एक मोठे कारण हवामानात आहे. नोव्हेंबरच्या आरंभी इथल्या रात्री पुरेशा गार झालेल्या नसतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन तापू लागते. म्हणून लवकर तयार होणाऱ्या वाणाची निवड करताना तो किती दिवसांत काढणीला येतो एवढेच विचारून भागत नाही. तो कंद केव्हा धरू लागतो, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे.

आलूचा कंद हे मूळ नव्हे. जमिनीखाली आडव्या वाढणाऱ्या खोडाचे टोक फुगून तो बनतो, आणि फुगण्याचा संदेश पानांतून येतो. एसपी६ए नावाचे प्रथिन पानांत तयार होऊन खोडाच्या टोकापर्यंत उतरते, हे २०११ मध्ये दाखवून देण्यात आले. अँडीज पर्वतातल्या मूळच्या आलूमध्ये हा संदेश रात्र लांबल्यावरच निघतो. लवकर येणाऱ्या अनेक वाणांत मात्र सीडीएफ१ या जनुकाचे असे रूप सापडते की त्यापासून बनणारे प्रथिन दिवस मोठा असला तरी नष्ट होत नाही, त्यामुळे कंद धरण्यासाठी लांब रात्रीची वाट पाहावी लागत नाही. हा शोध २०१३ मधला.

आपल्याकडे मात्र खरी अडचण उष्णतेची आहे. हिवाळ्यात रात्र पुरेशी लांब असते, परंतु रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर राहिले की एसपी६ए कमी बनते, झाड पाला वाढवत राहते आणि खाली कंद धरत नाहीत. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने कुफरी सूर्या आणि त्यानंतर कुफरी लिमा हे उष्णता सोसणारे वाण याच अडचणीवर दिले आहेत. कुफरी पुखराज आणि कुफरी ख्याती हे लवकर येणारे वाणही भाजीसाठी देशात बरेच लावले जातात. असा वाण घडवायला दशकभराचा काळ सहज लागतो, कारण लागवडीच्या आलूत गुणसूत्रांचे चार संच असतात आणि संकरातून मिळालेले प्रत्येक बी निराळे झाड देते. त्यांतून एक पसंत पडले की मात्र बेण्याने, म्हणजे त्याचेच कंद लावून, त्याचे गुण जसेच्या तसे पुढे जातात.

भाजीच्या आलूत शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, चिप्सच्या आलूपेक्षा कमी चालतो, किंबहुना तसाच हवा. त्यामुळे रश्श्यात फोडी विरघळत नाहीत. काळ्या जमिनीत सरी-वरंब्यावर लावून मातीची भर नीट द्यावी, कारण उघडे पडलेले कंद हिरवे होतात, त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते आणि ते खाण्यास अयोग्य ठरतात. लवकर काढलेल्या कंदाची साल कोवळी असते. अंगठ्याने घासल्यावर ती सुटली, तर तो आलू बाजारापर्यंतच्या प्रवासात सोलवटून काळा पडतो. त्यासाठी काढणीच्या दहा ते पंधरा दिवस आधी ओलित थांबवून पाला कापावा, म्हणजे साल जमिनीतच पक्की होते. हा माल शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवल्यास स्टार्चची साखर होऊन भाजी गोडसर लागते. तेव्हा तो काढल्याबरोबर जवळच्या बाजारात विकणेच अधिक फायद्याचे.