वाडीची शाळा आणि एक किलोमीटर : पार्श्वभूमी

२०२३च्या सप्टेंबरात ‘समूह शाळा’, म्हणजे कमी मुलांच्या शाळा बंद करून ती मुले एका मोठ्या शाळेत एकत्र आणणे, हा शब्द शिक्षण खात्याच्या परिपत्रकातून खाली आला, तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांना त्यात नवे काही वाटले नाही. २०१७मध्ये याच गोष्टीला ‘समायोजन’ म्हणत होते, आणि त्याआधीच्या टिपणांत ‘विलीनीकरण’ असे. खेड, संगमेश्वर, राजापूर, वैभववाडी या बाजूंना लोक अजून सरळ ‘शाळा उचलणार’ एवढेच म्हणतात, आणि तेच जास्त नेमके आहे. शब्द तीन झाले तरी वाद एकाच गोष्टीभोवती फिरतो : एक किलोमीटर म्हणजे किती, आणि वीस मुले कशासाठी.

जिल्हा परिषदांच्या आधीच्या लोकल बोर्डाच्या काळात शाळा बहुधा मूळ गावठाणात असे. देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या मोठ्या घराच्या पडवीत वर्ग भरत. वरच्या वाड्यांतली, धनगरवाड्यांतली मुले त्या शाळेत क्वचितच दिसत. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि पुढच्या दोन-तीन दशकांत शाळा वाडीपर्यंत चढल्या. नावांवरूनच हा क्रम कळतो : आधी गावाची ‘नं. १’, मग ‘नं. २’, मग गवळवाडी, बौद्धवाडी, धनगरवाडी. चिरे वाडीने वाहिले, कौलांचे पैसे मुंबईत गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने पाठवले, जागा भावकीतल्या कुणीतरी तोंडी दिली. या तोंडी जागेची किंमत आज मोजावी लागते. बक्षीसपत्र झालेले नाही, सातबाऱ्यावर शाळेचे नाव नाही, आणि दुरुस्तीचा प्रस्ताव गेला की पहिली त्रुटी तिथेच निघते. देणारा वारला असेल तर वारस आठ-दहा, त्यातले निम्मे विरार-नालासोपाऱ्यात.

जागा निवडतानाही एक तडजोड झालेली असते. तीन वाड्यांची मिळून एक शाळा असेल तर ती तिघींच्या मध्ये, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. कुणाला जवळ, कुणाला लांब असे नको म्हणून ती कुणाच्याच दारात नाही. त्यामुळे पाणी नाही, जानेवारीनंतर हंडा खालून आणायचा. आणि शेजारी वस्ती नसल्याने मे महिन्यात वानरांनी कौले सरकवली तरी पहिला पाऊस पडेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

२०००च्या आसपास वस्तीशाळा निघाल्या. नियमित शाळा लांब असलेल्या वस्तीत, गावातल्याच शिकलेल्या मुला-मुलीला तुटपुंज्या मानधनावर नेमून चालवलेल्या. शिक्षणहक्क कायदा आल्यावर त्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या, शिक्षकांना कायम व्हायला मात्र २०१४ उजाडले. डोंगरातल्या सर्वांत छोट्या शाळा बऱ्याचदा याच. त्या मुळात कमी मुलांसाठीच काढल्या होत्या, हे आज पटसंख्येची यादी करताना कुणी लक्षात घेत नाही.

आता किलोमीटरकडे. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि २०११मध्ये राज्याचे नियम आले. पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत. त्याच नियमात, पहिली ते पाचवीची शाळा स्थापन करण्यासाठी ६ ते ११ वयाची किमान २० मुले उपलब्ध असावीत, अशी अट आहे. ही अट नवी शाळा काढण्याची आहे. चालू शाळा कधी बंद करायची, याचा आकडा त्यात नाही. तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत सुरू करण्याची अट हळूहळू चालू ठेवण्याची अट होऊन बसली. २०१७च्या डिसेंबरात १० आणि त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळांच्या समायोजनाचा निर्णय झाला. त्या यादीत कोकणाचा वाटा मोठा होता. २०२३मध्ये रेघ १०वरून २०वर सरकली आणि तिच्याखाली राज्यातल्या १४,०००हून अधिक शाळा आल्या. त्यांतली मुले १ लाख ८५ हजारांच्या घरात, म्हणजे शाळेमागे साधारण तेरा.

अंतराचा घोळ याहून खोल आहे. कायदा मुलाच्या घरापासून बोलतो. बंद करायच्या शाळांच्या यादीतला रकाना मात्र बंद होणाऱ्या शाळेपासून जवळच्या शाळेपर्यंतचे अंतर विचारतो. वाडीच्या वरच्या टोकाचे घर जुन्या शाळेपासून ८०० मीटर, आणि जुनी शाळा ‘जवळच्या’ शाळेपासून ९०० मीटर असेल तर रकान्यात ०.९ येते आणि मूल १.७ किलोमीटर चालते. कागद नियमात बसतो, मूल बसत नाही.

शिवाय मोजायचे कुठल्या वाटेने? नकाशावर रेघ मारली तर ६०० मीटर. पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) उतरून पऱ्या (ओढा) ओलांडला तर ९००. डांबरी रस्त्याने चार-पाच किलोमीटरचा वळसा. शाळा बंद करायची तेव्हा पहिला किंवा दुसरा आकडा पुढे येतो, गाडी लावायची वेळ आली की तिसरा. डोंगरात अंतर मुळात वेळेत मोजतात : एका किलोमीटरात दीडशे मीटर चढ असेल तर सहा वर्षांच्या मुलाला दप्तरासह पाऊण तास लागतो, आणि कोकणात शाळा सुरू होते नेमकी जूनच्या मध्यावर.

पऱ्यावर साकव, म्हणजे पायी ओलांडायचा छोटा पूल, असतो. जुना साकव पोफळीच्या खोडांचा आणि बांबूचा, दर पावसाळ्याच्या तोंडाला वाडीने नव्याने बांधायचा. नवा सिमेंटचा किंवा लोखंडी. सिमेंटचा साकव सहसा मधे मोडत नाही. पाणी वळसा घालून कडेचा भराव पोखरते, मग साकव जागेवर उभा आणि त्याच्यावर चढायला वाट नाही. लोखंडी कठडा सात-आठ पावसांत गंजतो. पाहणी बहुतेक दिवाळीनंतर होते, तेव्हा पऱ्यात पायाचा घोटाही भिजत नाही.

आणि गंमत अशी की नियमांना हे ठाऊक आहे. केंद्राच्या नमुना नियमांत स्पष्ट लिहिले आहे की दुर्गम प्रदेश, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव असेल तर अंतराची मर्यादा कमी करून, धोका टळेल अशी शाळेची जागा ठरवावी. म्हणजे डोंगरात एक किलोमीटर ही जास्तीत जास्त मर्यादा, ती आणखी खाली आणता येते. समायोजनाच्या प्रस्तावाला हरकत घेताना ग्रामसभेचा ठराव भावनेवर लिहिला जातो, ‘आमच्या पूर्वजांनी बांधलेली शाळा’ वगैरे. तो टिकत नाही. घरागणिक चालत लागणारा वेळ, पऱ्यांची संख्या, साकव बंद असलेले दिवस असा तक्ता जोडला तर फेरमोजणी मागायला निदान आधार मिळतो.

शाळा लांब गेली तर मुलांना गाडी देऊ, या वायद्याचा हिशेबही करून बघावा. वाहतूक भत्त्याची कमाल मर्यादा मुलामागे वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे दहा महिने धरले तर महिन्याला ६०० आणि २४ दिवसांच्या शाळेला दिवसाचे २५. पाच मुलांचे १२५ रुपये. घाटरस्त्याने दोन वेळा येणारी रिक्षा एवढ्यात मिळत नाही, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला येतीलच असे नाही. ‘गाडी दोन महिने आली, मग बंद झाली’ ही तक्रार त्यामुळेच.

शाळा आदेशाने बंद पडते ही समजूत अर्धीच खरी. बऱ्याचदा आदेश शेवटी येतो. आधी शिक्षक जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बाहेरच्या जिल्ह्यांतले शिक्षक बरेच. आंतरजिल्हा बदली लागली की ते गावाकडे जातात आणि जागा रिकामी राहते. कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. दोनांचा एक झाला की चार इयत्ता एका फळ्यावर येतात. हा एकटा शिक्षक आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या बैठकीला गेला, मतदारयादीच्या कामाला लागला की शेजारच्या शाळेतून कुणीतरी ‘कामगिरीवर’ (तात्पुरत्या नेमणुकीवर) येतो, म्हणजे तिकडची शाळा एकशिक्षकी होते. पालक हे दोन सत्रे बघतो आणि दाखला काढतो. एका घराची दोन मुले गेली की ११चा पट ९ होतो. मग यादी येते.

१५ मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवण्याच्या, निकषांनी २०पर्यंतच्या पटाला एकच नियमित शिक्षक धरला. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसऱ्या जागी निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक, मानधन १५,००० रुपये, असे ठरले. २०२५च्या फेब्रुवारीत तो कंत्राटी नेमणुकीचा निर्णय रद्द झाला. वर्षाच्या आत तीन भूमिका. वाडीतल्या मुलाची तेवढ्यात पहिलीतून दुसरी झाली.

पट कधी मोजतात तेही बघण्यासारखे आहे : ३० सप्टेंबर. रायगडकडच्या आणि खेड परिसरातल्या कातकरी वाड्यांत त्या दिवशी मुले असतात. दिवाळी झाली की कुटुंबे कोळसा पाडायला, वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. कागदावर १८चा पट असलेल्या शाळेत फेब्रुवारीत सात मुले दिसतात, आणि तपासणीला आलेला माणूस ‘बोगस पट’ असा शेरा मारू शकतो. २०११च्या ३ ते ५ ऑक्टोबरच्या राज्यव्यापी पटपडताळणीपासून हा संशय शाळांच्या मागे लागला तो लागलाच.

नऊ मुलांची शाळा चालवण्याचे गणित मोठ्या शाळेच्या नियमांत बसवलेले आहे, आणि ते जागोजागी उसवते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ९०० ग्रॅम. डाळ, तेल, भाजी, इंधन मिळून २०२२च्या दराने मुलामागे ५ रुपये ४५ पैसे, नऊ जणांचे ४९ रुपये. यात गॅसचे सिलिंडर निघत नाही, म्हणून चूल, आणि जुलैत ओले सरपण. तांदळाचे पोते जमिनीवर ठेवले तर चिऱ्याची भिंत पाणी ओढते आणि पंधरवड्यात बुरशी धरते. फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे लागते. शाळा व्यवस्थापन समितीत किमान १२ सदस्य हवेत आणि त्यांतले तीन-चतुर्थांश पालक, म्हणजे ९. नऊ मुले पाच घरांतली असतील तर आई-बाप दोघांनाही घेऊन समिती जेमतेम भरते, त्यातही दोन बाप मुंबईत असतात. संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत वर्षाला १०,००० रुपये. त्यातून खडू, वीजबिल, स्वच्छतेसाठी किमान दहा टक्के, आणि शाकारणी, म्हणजे पावसाआधी छपराची कौले नीट बसवणे.

शाकारणी आता कमी झाली, कारण कौले कमी झाली. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड, दापोली, श्रीवर्धन भागातल्या शाळांची छपरे गेली आणि पुष्कळ ठिकाणी कौलांच्या जागी पत्रा आला. पत्रा वानरांना पुरून उरतो. पण पावसाची सर आली की खाली काही ऐकू येत नाही, आणि कोकणात सर दिवसातून पंधरा वेळा येते. त्या वेळी पाढे म्हणून घेण्यापेक्षा पाटीवर उदाहरणे देणे बरे, हे तिथले शिक्षक आपोआप शिकतात.

पट शून्यावर आला की यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या नोंदीत शाळा बंद दाखवली जाते. इमारत मतदान केंद्र म्हणून निवडणुकीपुरती उघडते, कधी अंगणवाडीला मिळते. पुढे एखादे कुटुंब मुंबईहून परतले, वाडीत सहा वर्षांची चार मुले झाली, तरी ती शाळा पुन्हा उघडत नाही. तो नव्या शाळेचा प्रस्ताव ठरतो, आणि तिथे २० मुलांची अट खरोखरच लागू आहे.